सावेरीचा पंचम

आमच्या घरात साप पाळलेला होता असं सांगितलं की लोक आधी दोन पावलं मागे सरतात आणि मग विचारतात, "विषारी?" विषारी नव्हे हो, धामण होती. सात फूट लांब, अंगाने पिवळसर, डोळे मोठाले, आणि स्वभावाने माझ्या नणंदेहून पुष्कळ गरीब. तिचं नाव सावेरी.

नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं, इकडच्या एका रागाचं. सासरे पांडुरंगराव म्हणजे कुंभकोणातले कीर्तनकार. तंजावरच्या राजांमागून आमचे पूर्वज इकडे आले. पुढे राजे गेले, राज्य इंग्रजाने घेतलं, आणि आम्ही इथेच राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि देव विठोबा. मी सासऱ्यांना मामंजी म्हणायची. आमचे हे सब-कलेक्टरच्या कचेरीत लेखनिक होते. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आताही घेणार नाही.

सावेरी घरात आली ती उंदरांच्या कृपेने. एका पावसाळ्यात उंदरांनी मृदंगाची वादी कुरतडली, तंबुऱ्याच्या भोपळ्याला भोक पाडलं आणि मामंजींच्या साक्या-दिंड्यांच्या वहीचा निम्मा भाग फस्त केला. सीतास्वयंवर नेमकं धनुष्य उचलण्यापाशी संपायचं, पुढचं मामंजींनी आठवून म्हणायचं. अशात एक दिवस मागच्या मोरीतून ही बाई आत आली, तांदळाच्या कणगीमागे गेली, आणि आठवड्याभरात घर उंदरांपासून मोकळं झालं. तिला हाकलायला काठी घेऊन आलेल्या गड्यालाच मामंजींनी हाकललं.

चार वर्षांत ती इतकी माणसाळली की दुपारी मामंजी तंबुरा घेऊन बसले की येऊन भोपळ्याशेजारी वेटोळं करायची. हे म्हणायचे, "अप्पा, सापास कान नसतात."

मामंजी तंबुरा न थांबवता म्हणायचे, "तुज दोन अहेत. काय केलंस त्यांचं?"

आता जे खरं ते सांगते. त्या दिवसांत मामंजींचं गाणं ऐकायला घरात सावेरीशिवाय कोणी नव्हतं. मी होते, पण माझ्या हाताखाली वरवंटा असायचा आणि वरवंट्याखाली खोबरं, त्यामुळे मला धरू नका. तीन वर्षांपूर्वी त्यांचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. वरचा षड्ज लावायला गेले की नुसती हवा यायची. विठोबाच्या देवळात दर एकादशीला त्यांचं कीर्तन असे. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण एका एकादशीला बोलावणं आलं नाही, दुसऱ्या एकादशीला आलं नाही, आणि तिसऱ्या वेळी ते आपणहून मागच्या खांबाला टेकून बसले. पुढे एक तरुण बुवा हार्मोनियम घेऊन गात होता. मामंजी घरी येऊन म्हणाले, "बेस गातो." मग जेवले नाहीत.

दिल्लीला बादशहाचा दरबार झाला त्याच्या पुढच्या फाल्गुनातली ही गोष्ट. कोठीच्या खोलीत वाळवी लागली म्हणून मी सावेरीचा वेताचा पेटारा तिथून उचलला आणि स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर ठेवला. उन्हाळा लागत होता, चूल दिवसभर पेटलेली. तिथेच तिने कात टाकली. एरवी तिची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग निघायची, आणि शिवकामी मामी, म्हणजे आमच्या शेजारीणबाई, ती मागून न्यायच्या आणि तिजोरीत ठेवायच्या. या खेपेला निघाले ते तुकडे. इथे चार बोटं, तिथे वीतभर. मी झाडून टाकले आणि विसरले.

त्यानंतर तीनेक दिवसांनी दुपारी मामंजी एकदम ओरडले, "थांबव तें!"

मी वरवंटा थांबवला.

"ऐकलंस?"

"काय मामंजी?"

त्यांनी बोट वर केलं. सावेरी भोपळ्याशेजारी पडलेली होती, आणि तिच्याकडून आवाज येत होता. बारीक, सरळ, सूंऽऽ असा. थोडा वेळ शांत, मग पुन्हा सूंऽऽ. मामंजींनी तंबुऱ्याची पंचमाची तार हलकेच छेडली. दोन्ही आवाज एकात एक असे मिसळले की कुठला कुणाचा ते मलाही सांगता येईना, आणि मला तर सुरातलं इतकंच कळतं की संपलं की उठायचं असतं.

मामंजींचे डोळे भरून आले. "जये, ही पंचम देते अहे ग. माझ्या पट्टीचा पंचम!"

संध्याकाळी हे कचेरीतून आले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "घोरते अहे, अप्पा."

"तू घोरतोस तो कुठला स्वर असतो?" मामंजी म्हणाले. माझ्याजवळ उत्तर होतं, पण सासऱ्यांसमोर बोलवेना.

आता दुसऱ्या कुठल्याही घरात साप असा वाजू लागला असता तर लोकांनी काय केलं असतं? घाबरले असते, नाहीतर वैदूला बोलावलं असतं. आमच्या घरात पंचम तपासला गेला. आमच्या माणसांचं हे असंच आहे. दार करकरलं तर तेल घालण्याआधी ते कुठल्या स्वरात करकरतं ते बघतील. सगळं आयुष्य टाळ-तंबुऱ्यात गेलं की आजारसुद्धा गाण्यासारखा ऐकू येतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

शिवकामी मामींना मी सांगायला नको होतं. मी सांगितलं. त्यांनी सगळ्या रस्त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघीजणी आल्या, तिसऱ्या दिवशी दहा, आणि शुक्रवारी ओसरी भरून माणसं अंगणात उभी. नाग गात नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण विठोबाच्या भक्ताच्या घरची धामण पंचम लावते हे ऐकायला यायला काय हरकत होती? येताना प्रत्येकाने दूध आणलं. आणि प्रत्येकाने सांब्राणी आणली.

सांब्राणी म्हणजे ऊद. आमच्या गावात पोर शिंकलं की सांब्राणी, न्हालं की केसांना सांब्राणी, देव आला की सांब्राणी, आणि कोणीच आलं नाही तरी शुक्रवार म्हणून सांब्राणी. सावेरीचा पेटारा आता ओसरीलगतच्या खोलीत तंबुऱ्यापाशी आणला होता, त्याभोवती तीन-तीन धुपाटणी ठेवली जाऊ लागली. खोलीत माणसाला माणूस दिसेना. दुधाच्या वाट्यांना जागा व्हावी म्हणून मी तिचं पाण्याचं भांडं उचलून ठेवलं. तहानेने ती बिचारी दुधात तोंड घालायची, आणि बायका हात जोडायच्या.

पण मामंजींकडे बघायला हवं होतं तुम्ही.

सावेरीचा आवाज इतका बारीक की तो ऐकायचा तर सगळ्यांनी श्वास रोखून बसायला हवं. चाळीस माणसं चिडीचूप. मामंजी तंबुरा छेडायचे, मग सावेरीकडून सूंऽऽ यायचं, लोकांच्या अंगावर काटा यायचा, आणि त्या शांततेत मामंजी हळूच गायला लागायचे. खालच्या पट्टीत, फाटलेल्या आवाजात, एखादी साकी. कोणी उठायचं नाही, कारण उठलं तर सावेरीचा स्वर चुकेल. तीन वर्षांनी त्यांना पुढे बसलेली माणसं मिळाली होती. आणि खरं सांगू? चार दिवसांत तो फाटका आवाज लोकांना आवडायला लागला. एक म्हातारा रडला. मामंजी रात्री दोन वेळा भात मागून जेवले, नऊवारीच्या पदरासारखी लांब गोष्ट सांगत बसले, आणि सकाळी मी उठायच्या आत उठून तारा पुसत होते.

आता माझी गोष्ट. ती मी कोणाला फारशी सांगत नाही.

सावेरीला बरं नव्हतं हे मला पाचव्या दिवशीच दिसलं होतं. कणगीखालून उंदीर निघाला, तिच्या तोंडासमोरून गेला आणि तिने मानही वळवली नाही. ती डोकं पेटाऱ्याच्या काठावर टेकवून वर धरून ठेवायची, तोंड थोडंसं उघडं. ओठाशी एक बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. आधी सूंऽऽ एवढंच होतं, आता त्यामागून आणखी एक आवाज येत होता. भात उकळताना भांड्यावरचं झाकण बुडबुडतं तसा. तो कोणाला ऐकू जात नव्हता, कारण लोक पंचम ऐकायला आलेले होते. मला ऐकू जायचा, कारण मला पंचम कळत नाही.

मी बोलले नाही. एकदा तोंड उघडलं होतं. मामंजी तेव्हा आरशासमोर पगडी बांधत होते आणि गुणगुणत होते. मी विचारलं, "कॉफी देऊं?" आणि परत फिरले. कोणाचा आनंद आपल्या हाताने मोडायचा नसतो, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मला धीर झाला नाही.

अशात चोळपुरमचे मिराशदार राजगोपाल येऊन गेले. मोठी आसामी. शेती, गाड्या, गळ्यात सोन्याची साखळी, आणि रामाचे भक्त. त्यांनी सावेरीला ऐकलं, मामंजींना ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हणाले, "पाडव्यापासून नवमीपर्यंत नऊ दिवस आमच्या मांडवात तुमचं कीर्तन. ही समोर हवी. गुरुवारी संध्याकाळी मी पाहुण्यांना घेऊन येतो, त्यांना एकदा ऐकवा, की ठरलंच."

नऊ दिवस! मामंजींना तर एका एकादशीचं बोलावणं येत नव्हतं. ते गेल्यावर मामंजी ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "जये, शाल काढ ग. ती राजांच्या वेळची. कसर लागली अहे कीं काय, पाहा."

गुरुवारी दुपारी स्वामीमलैहून रामलिंग आला. हा मूर्ती ओतणारा स्थपती, हातावर जागोजाग भाजल्याचे डाग, बोलणं मोजकं. मामंजींचे जुने टाळ चिरले होते, त्यांच्याच काशाचे त्याने नवे ओतून आणले होते. मामंजींनी टाळ वाजवून पाहिले, खूष झाले, आणि उत्साहाने त्याला सावेरीसमोर बसवलं. तंबुरा छेडला. सूंऽऽ.

रामलिंगने मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. मग तमिळात विचारलं, "आत घेताना वाजतं की बाहेर सोडताना?"

मामंजी हसले. "अहो, पंचम आहे तो."

"स्वरातलं मला कळत नाही, स्वामी. मला हवेतलं कळतं." त्याने पुढ्यातल्या फरशीवर बोटाने आकृती काढली. "आम्ही मेणाची मूर्ती करतो, वर माती लिंपतो, तापवून मेण काढून टाकतो आणि धातू ओततो. धातू आत जातो तशी आतली हवा बाहेर यायला वाट ठेवावी लागते. वाट बुजली की साचा बोलतो. शिट्टी मारली तर तोंडाशी कचरा आहे असं समजायचं. गुडगुडला तर आत ओल राहिली आहे. चांगला साचा बोलत नाही." मग सावेरीकडे बघून म्हणाला, "ही दोन्ही बोलते आहे."

मामंजींचा हात तारांवरून खाली आला.

त्यांनी धुपाटणी बाहेर ठेवायला लावली. खिडकी उघडली. मग जमिनीवर आडवे होऊन त्यांनी आपला कान सावेरीच्या अंगाला लावला, मानेपासून हातभर खाली. ज्या कानाने त्यांना गावातल्या कुठल्या टाळकऱ्याचा टाळ अर्धी मात्रा मागे पडतो ते चौथ्या खांबाआडून कळायचं, तो कान. ते हलले नाहीत. मी मोजलं नाही, पण चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मी उठले नाही.

"घेताना वर शिट्टी," ते शेवटी म्हणाले, "आणि सोडताना पाणी. पाणी अहे ग आत. आणि पंचम उतरला अहे. पहिल्या दिवशीचा नव्हे हा. पाव स्वर खालीं अहे, आणि मी रोज तंबुरा उतरवून तिज मिळवत होतों." ते उठून बसले. "ती खालीं जात होती, मी तिच्या मागून जात होतों."

मग माझ्याकडे बघितलं. "तुज ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होय, मामंजी."

"कधींपासून?"

"पांच-सहा दिवस झाले."

"मग सांगितलं नाहींस तें काय म्हणून?"

"तुम्ही गात होतां," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. "तुम्ही गात होतां, मामंजी."

रामलिंगने सावेरीचं डोकं दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. तिच्या नाकपुड्यांवर जुन्या कातीचे पापुद्रे चिकटून वाळले होते, एकीत तर बूच बसल्यासारखं. चुलीमागच्या उष्णतेने. म्हणजे माझ्याच हाताने. शिट्टी तिथून येत होती. आतलं पाणी म्हणजे धूर आणि दूध, आमच्या सगळ्या गावाची भक्ती.

"हे भिजवून काढता येईल," रामलिंग म्हणाला. "आत्ताच."

आणि इथे मामंजी थांबले.

का थांबले ते मला कळलं, रामलिंगला कळलं नाही. नाकातलं बूच काढलं की शिट्टी जाणार. शिट्टी गेली की पंचम गेला. संध्याकाळी राजगोपाल पाहुण्यांना घेऊन यायचे होते. चारच तास मधे. चार तास थांबलं तर नऊ दिवसांचं कीर्तन, पुढे बसलेली माणसं, मांडव, आणि शाल. सकाळपासून ती खुंटीवर वाऱ्याला टाकलेली होती. धामण काय, इतके दिवस जगली, आणखी चार तास जगली असती. कदाचित.

मामंजी तंबुऱ्यापाशी गेले, तो उचलला आणि मांडीवर घेऊन बसले. तार छेडली नाही. सावेरीने तोंड उघडलं, बुडबुडा आला, फुटला. मी मनात विठोबाचं नाव घेत होते आणि काय मागावं ते मला ठरवता येत नव्हतं. त्यांच्यासाठी मागावं तर सावेरीचं काय, आणि सावेरीसाठी मागावं तर त्यांचं काय.

"पाणी आण," मामंजी म्हणाले. "कोमट."

मी धावले.

त्यांनी स्वतः तिला मांडीवर घेतलं. मी समईची नवी वात पाण्यात भिजवून तिच्या नाकपुडीवर धरली, पापुद्रा मऊ होईपर्यंत, आणि नखाच्या टोकाने अलगद उचलला. एक निघाला. दुसरा फार वेळ निघेना. निघाला तेव्हा तो मोहरीएवढाही नव्हता. एवढ्याशा वस्तूसाठी सगळं गाव आमच्या ओसरीवर येऊन बसलं होतं. सावेरीने लांब श्वास घेतला. शिट्टी आली नाही.

मग रामलिंगने त्याच्या धंद्यातली युक्ती सांगितली. साच्यातलं मेण काढायचं तर साचा उलटा धरतात, वाट खाली. तसं त्याने तिचं डोकं खाली आणि अंग वर असं तिरकं धरायला लावलं, पाठीवरून बोट फिरवत. तोंडातून दुधाळ, चिकट पाणी आलं. बशीभर आलं. मामंजी तिला धरून "शरी ग, शरी ग" म्हणजे बरं ग, बरं ग असं म्हणत होते, लहान मुलाची पाठ चोळताना म्हणतात तसं.

संध्याकाळी राजगोपाल आले. दोन गाड्या, सात पाहुणे, ताटांत विडे आणि फळं, आणि पुढे एकजण पेटलेलं मोठं धुपाटणं घेऊन. मामंजी शाल न पांघरता दारात उभे राहिले.

"या. बसा, पाणी घ्या," ते म्हणाले. "पण ऐकायला काही नाही. ती गात नव्हती. तिला बरं नव्हतं. चूक माझ्या कानांची होती."

राजगोपाल आधी हसले. त्यांना तो विनय वाटला. मग त्यांनी आत वाकून ऐकलं, आणि बुडबुड्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा पडला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. "थोडा धूप घातला तर मोकळी होईल," ते म्हणाले, आणि धुपाटणंवाला माणूस उंबरा ओलांडू लागला.

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कोणाला मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही ते बोलले नाहीत. पाय धुवायला ठेवलेला तांब्या उचलला आणि धुपाटण्यावर ओतला. फस्स करून राख उडाली आणि राजगोपालांच्या रेशमी धोतरावर पडली.

ते रागावले नाहीत असं कसं म्हणू? पण माणूस मोठा. एवढंच म्हणाले, "एका सापासाठी, राव?"

"होय," मामंजी म्हणाले.

गाड्या परत गेल्या. विडे शिवकामी मामींकडे राहिले, कारण त्यांनी ते आधीच आत नेऊन ठेवले होते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी कोणी आलं नाही. काही लोक रस्त्यात भेटले की हसायचे. एकाने यांना कचेरीत विचारलं, तुमच्या घरचा हार्मोनियम दुरुस्त झाला का? हे त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. वाळवी झाडून मी पेटारा कोठीच्या खिडकीत हलवला, सकाळचं ऊन येतं तिथे. पाण्याची मोठी परात भरून ठेवली, तिला बुडता येईल अशी. घरात शुक्रवारची सांब्राणीसुद्धा बंद. केस ओले तर ओले.

मामंजी दिवसातून चार वेळा तिला कान लावायचे आणि मला खबर द्यायचे. "आज सोडतांना पाणी कमी अहे." "आज घेतांना साफ, सोडतांना खरखर." गाणं त्यांनी सोडलं होतं. तंबुऱ्याला गवसणी घातली होती. नवमीच्या दिवशी चोळपुरमच्या रस्त्याने मेणे आणि गाड्या चालल्या होत्या, त्या तरुण बुवाला शेवटच्या कीर्तनासाठी मांडवात नेत होते. मामंजी ओसरीवरून बघत होते. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी भात करपवला. रागवायचं कोणावर तेही कळत नव्हतं. बुवाचा काय दोष? चांगला गायचा तो.

नवमी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी मी कॉफीचं पाणी ठेवत होते, आणि कोठीतून हाक आली, "जये!" अशी की हातातलं भांडं तसंच टाकून मी पळाले.

मामंजी जमिनीवर आडवे होते, कान सावेरीच्या अंगाला लावलेला, चेहरा पांढराफटक. "गेली ग," ते म्हणाले. "कांहीं ऐकूं येत नाहीं. शिट्टी नाहीं, पाणी नाहीं, कांहीं नाहीं. किती वेळ ऐकतों अहे." आणि तो माणूस, ज्याने धुपाटण्यावर पाणी ओतताना पापणी हलवली नव्हती, पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. "गाण्याच्या नादीं मारलं मी तिज."

मी गुडघ्यांवर बसले. सावेरी उन्हाच्या पट्ट्यात लांब पडलेली होती, तोंड मिटलेलं, डोकं जमिनीला टेकलेलं. हालचाल नाही. मी बघत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

आणि तिची कूस वर आली. हळूच, नुसती एक बोटभर. खाली गेली. मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं मला भास झाला. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. आवाज मुळीच नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "कान काढा. डोळ्यांनीं पाहा."

"अं?"

"पाहा न मामंजी. श्वास चालला अहे. बरी अहे ती. बरी अहे म्हणून वाजत नाहीं."

त्यांनी डोकं उचललं. डोळे पुसले. मी बोट दाखवलं तिथे बघत राहिले. कूस वर आली, खाली गेली, आणि त्यांच्या तोंडातून "अग आई ग" एवढंच निघालं. तेवढ्यात कणगीखाली काहीतरी खुसपुसलं, आणि सावेरीने मान वळवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

कॉफीचं पाणी आटून गेलं होतं. मी दुसरं ठेवलं. हे आंघोळ करून, अंगरखा घालून कचेरीला निघाले, तरी मामंजी कोठीतच. मांडी घालून, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, कीर्तनाला पुढच्या रांगेत बसतात तसे. ह्यांनी दारातून डोकावून विचारलं, "अप्पा, काय ऐकतां अहां?"

मामंजींनी मान न वळवता हात वर करून त्यांना गप्प केलं.

"कांहीं नाहीं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "कांहीं ऐकूं येत नाहीं रे. म्हणून बसलों अहे."